गणंग

जळगावला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं.
जेवणात शेवभाजी, शेवटी प्रमाणपत्र,
आणि गुंडाळी करून दिलेला एक तक्ता.
त्यावर पाच गोल चेहरे:
आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला, शांत.
रोज सकाळी मुलांनी आपल्या नावाचा चिमटा
आपापल्या चेहऱ्याला लावायचा.
मग आपण विचारायचं, हलकेच.
हलकेच म्हणजे कसं, ते सांगायला वेळ उरला नाही.
बस साडेपाचची होती.

सहावीच्या वर्गात खिळा ठोकला.
कपडे वाळत घालायचे चिमटे, एकतीस,
स्केचपेननं त्यांच्यावर नावं.
पहिल्या दिवशी एकतीसही आनंदी.
दुसऱ्या दिवशीही.
भारानं तक्ता एका बाजूला कलला,
हसू कानाकडे जायचं ते कपाटाकडे गेलं.
भाविकाला विचारलं, खरंच का गं?
ती म्हणाली, "बाई, ते बरोबर उत्तर शे ना?"

त्या रात्री डोळा लागला नाही.
पंधरा वर्षं मीच तर शिकवत आले,
प्रश्नाखालची रेघ कोरी राहिली
की मार्क गेला.

तिसऱ्या आठवड्यात पवन भोईनं
चिमटा लावलाच नाही. मुठीत धरून उभा.
वर पत्रा मार्चच्या उन्हानं तडतडत होता.
"काय रे?"
"यामा मना चेहरा नही."
"रडू येतंय?" "नही."
"राग?" "नही."
"मग?"
तो पत्र्याकडे बघत राहिला. मीही बघितलं.
घाई करायची नाही, एवढं तरी
त्या तीन दिवसांतलं लक्षात होतं.

"बाई, आमनी भट्टीवर
बठा फुटाणा फुटतस ना,
नि एखादा राही जास खाले, तपेल वाळूमा.
फुटतबी नही, जळतबी नही."
"गणंग?"
"हा. तसं."

कुणी शिंकलं तरी खिदळणारा माझा वर्ग
हसला नाही.

पवनच्या शेजारची जागा दिवाळीपासून मोकळी.
जित्याचे वडील सुरतेला लूमवर गेले, बिऱ्हाड घेऊन.
"चला, ऐसपैस बस आता,"
असं मीच म्हणाले होते पवनला.
ते आत्ता आठवलं,
गणंग हा शब्द माझ्याच तोंडून निघाल्यावर.

दाताखाली आला की मूठभर फुटाण्यांची चव घालवतो,
आपण थुंकून टाकतो.
एवढ्या जाळावर आत काय धरून बसला होता,
ते कोण विचारतं?

मार्कर घेतला.
तक्त्याच्या खाली सहावा गोल काढला.
डोळे काढले. तोंडाशी हात थांबला.
पवन म्हणाला, "राहू द्या."
आणि चिमटा लावला.
थोड्या वेळानं रोहिणी उठली,
आनंदीवरचा आपला काढून खाली आणला.
मग तन्वीर तडवी. मग भाविका,
माझ्याकडे न बघता.
मधल्या सुट्टीपर्यंत नऊ.

एप्रिलात केंद्रप्रमुख आले. चेहरे मोजले.
"मॅडम, मंजूर पाच आहेत.
सहाव्याला अहवालात रकाना नाही."
"इतरमध्ये धरा, साहेब."
"इतर पण नाही."
त्यांनी चहा घेतला, मानेचा घाम पुसला,
निघताना तक्त्यापुढे जरा जास्तच थांबले.
हातात पेन होतं. चिमटा असता तर,
कुणास ठाऊक.

पवन बरा झाला, असं मी लिहिणार नाही.
कधी तो शांतवर असतो, एकदा रागावर होता,
परवा चिमटा दोन चेहऱ्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत.
जित्याचा फोन आला होता म्हणे.
सुरतेला त्याच्या बाकावर तिघं बसतात.

आज शाळा सुटताना
त्यानं टेबलावर कागदाची पुडी ठेवली
आणि पळाला.
रिकाम्या वर्गात मी एकेक फुटाणा खाल्ला,
खिडकीपलीकडे बोरीचं कोरडं पात्र.
पुडीच्या तळाशी एक होताच.
टाकला नाही.
स्टँडपर्यंत चालत गेले, तो गालात होता,
कडक,
आणि मग थोडा कमी.